स्पिंडल आणि ड्रिल यांच्यामधली चार बोटे

यंत्राच्या फिरत्या स्पिंडलमध्ये ड्रिल बसवताना दोन कामे एकदम साधावी लागतात. ड्रिलचा अक्ष स्पिंडलच्या अक्षाशी जुळला पाहिजे, आणि स्पिंडलचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, ड्रिलपर्यंत न घसरता पोहोचला पाहिजे. पहिले काम नेमकेपणाचे, दुसरे जोराचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ड्रिल धरण्याच्या ज्या पद्धती निघाल्या, त्या प्रत्येकीत ही दोन कामे कोणत्या भागावर सोपवायची याचे वेगळे उत्तर दिसते. ती एकाच भागावर टाकली की सोय होते, पण त्या सोयीची किंमत कुठेतरी मोजावी लागते.

अक्ष जुळला नाही तर काय होते हे ड्रिलच्या टोकाकडे पाहिले की कळते. टोकाशी दोन धारा असतात आणि दोघींनी सारखा धातू कापावा अशी अपेक्षा असते. ड्रिल ०.०५ मिमी बाजूला बसले, तर त्याला टेकवलेला डायल इंडिकेटर एका फेऱ्यात ०.१ मिमीचा फरक दाखवतो. कारखान्यात याला रनआउट म्हणतात. मग एका धारेवर जास्त भार येतो, भोक ड्रिलच्या मापापेक्षा मोठे होते, आणि त्याचे तोंड गोल राहीलच असे नाही.

जुन्या चपट्या ड्रिलच्या काळात या फरकाची फिकीर करण्याचे कारण नव्हते. लोहाराने पोलादी सळईचे टोक ठोकून चपटे करायचे, त्याला धार द्यायची, आणि दुसरे टोक चौकोनी किंवा गोल ठेवून स्पिंडलच्या भोकात घालून बाजूच्या स्क्रूने आवळायचे, अशी रीत होती. शँक, म्हणजे ड्रिलचे हे मागचे टोक, आत जायचा तर भोक त्याच्यापेक्षा थोडे मोठे हवे. स्क्रू आवळला की तो शँकला समोरच्या भिंतीवर दाबतो, म्हणजे फटीच्या निम्म्याइतका अक्ष हटलाच. ही चूक योगायोगाची नव्हती, रचनेतच होती. पण चपटे ड्रिल स्वतःच धातूत भरकटत असे. नेमके भोक हवे असेल तर ते नंतर बोअर किंवा रीम करून घ्यावे लागे. हत्यारच वाकडे चालणारे असल्यावर त्याच्या मुठीकडे कोण पाहणार?

ही परिस्थिती बदलली ती पिळाच्या खाचा असलेल्या ट्विस्ट ड्रिलने, आणि या बदलाला घाई लावली अमेरिकेतल्या यादवी युद्धाने. १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत सरकारसाठी बंदुका बनत होत्या. बंदुकीच्या निपल नावाच्या भागात भोक पाडण्यासाठी ट्विस्ट ड्रिल वापरत. त्यांच्या खाचा कामगार गोल कानशीने हाताने घासून काढत. तिथले प्रमुख फ्रेडरिक हाऊ यांनी ही अडचण ब्राउन अँड शार्पच्या जोसेफ ब्राउन यांच्यापुढे मांडली. ब्राउन यांनी त्यावर युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केले. फिरणारी सळई आणि पुढे सरकणारे टेबल यांची गती एकमेकांशी बांधल्यामुळे त्यावर पिळाची खाच यंत्राने कापता येऊ लागली. पहिले मशीन १८६२ मध्ये विकले गेले. आज मिलिंग मशीनच्या इतिहासात मानाचे पान असलेले हे यंत्र जन्माला आले ते ड्रिल बनवण्याच्या गरजेतून.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६३ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन मोर्स यांना त्यांच्या ट्विस्ट ड्रिलचे पेटंट मिळाले. १८६४ मध्ये न्यू बेडफर्ड येथे मोर्स ट्विस्ट ड्रिल अँड मशीन कंपनी उभी राहिली. न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीवर मोठे झालेले बंदर. जमिनीतून खनिज तेल निघू लागल्यावर तो धंदा उतरणीला लागला होता. अशा गावातून निघालेले ड्रिल जगभर गेले, आणि त्याबरोबर गेला त्याचा निमुळता शँक. मोर्स यांचे ड्रिल आता फारसे कोणी त्यांच्या नावाने ओळखत नाही. त्यांचे नाव टिकले ते शँकच्या उतारामुळे.

मोर्स टेपर म्हणजे दर २० मिमी लांबीला व्यासात साधारण १ मिमीची घट. शंकूची एक बाजू अक्षाशी जेमतेम दीड अंशाचा कोन करते. पोलादावर पोलाद घसरायला लागेल असा कोन त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणून एकदा आत ठोकलेला शंकू आपसूक बाहेर येत नाही. शंकूत शंकू बसतो तेव्हा फट उरतच नाही. सर्व बाजूंनी सारखा दाब आल्याने अक्ष आपोआप जुळतो. स्क्रूच्या पद्धतीतली चूक अशी मुळातूनच गेली.

या रचनेतली खरी हुशारी मात्र जोराच्या बाबतीत आहे. ड्रिलच्या टोकाच्या मधोमध जी बोथट कड असते ती कापण्यापेक्षा धातू रेटते जास्त. त्यामुळे ड्रिलला फिरवण्याबरोबर खाली बराच दाबही द्यावा लागतो. हा दाब शँकला स्पिंडलमध्ये वर ढकलतो, पाचरीसारखा शंकू आणखी रुततो, आणि त्याच्या पृष्ठभागावर ढकलण्याच्या कित्येक पट दाब तयार होतो. काम जितके अवघड तितकी पकड घट्ट. वेगळा आवळणारा भाग नाही, चावी नाही. धरण्याची आणि फिरवण्याची दोन्ही कामे एकाच शंकूकडे आली, आणि त्यासाठीचा जोर कामानेच पुरवला.

किंमत मोजावी लागते ती भोक आरपार होताना. टोक पलीकडे निघाले की रेटणारी कड रिकामी होते आणि वरचा दाब एकदम ओसरतो. त्याच क्षणी धारा उरलेल्या पातळ धातूत अडकतात, पीळ वाढतो, आणि खाचांच्या उतारामुळे ड्रिल स्वतःला स्क्रूसारखे खाली ओढून घेते. पकड सर्वात कमी आणि गरज सर्वात जास्त, असे एकाच वेळी घडते. शंकू सुटतो आणि सगळा भार शँकच्या वरच्या चपट्या जिभेवर, म्हणजे टँगवर येतो. टँग स्पिंडलच्या आडव्या खाचेत बसतो. मुळात त्याचे रोजचे काम ड्रिल बाहेर काढण्याचे. खाचेतून ड्रिफ्ट नावाची पाचर घालून हातोडी मारली की ती टँगला खाली ढकलते आणि ड्रिल निघते. ड्रिल टँगवर फिरते हा समज कार्यशाळांमध्ये अजूनही ऐकू येतो. ते फिरते शंकूच्या घर्षणावर. टँगला फिरवायची वेळ येणे हेच शंकू नीट न बसल्याचे लक्षण. एखादी बारीक चिप किंवा तेलकट मळ आत राहिला तरी एवढे पुरते. शँक घसरून फिरला की स्पिंडलच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात आणि मग त्यात बसणारे प्रत्येक ड्रिल वाकडे बसते. शँक आणि सॉकेट पुसल्याशिवाय ड्रिल चढवू नये, ही शिकाऊ कामगाराला दिली जाणारी ताकीद यासाठीच.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांच्या प्रक्रियेने तयार केलेले हायस्पीड स्टील जगासमोर आले. कापण्याचा वेग एकदम कित्येक पट वाढला, ड्रिलवरचा भार वाढला, टँग मात्र होता तेवढाच राहिला. पिळून तुटलेल्या टँगचे ड्रिल फेकून देणे परवडत नसे. म्हणून शँकवर चपटी बाजू घासून तिला जुळणाऱ्या खास स्लीव्हमध्ये असे ड्रिल वापरण्याची सोयही बाजारात आली.

मोर्स टेपरच्या मापांत एक गमतीदार विसंगती आहे. क्रमांक ० ते ७ असे आठ आकार, आणि उतार मात्र सर्वांचा सारखा नाही. ढोबळमानाने तो फुटाला पाच अष्टमांश इंच, म्हणजे ०.६२५ इंच. प्रत्यक्षात क्रमांक १ चा ०.५९८५८, क्रमांक २ चा ०.५९९४१, क्रमांक ५ चा ०.६३१५१. कुठलेही सूत्र या आकड्यांना लागू पडत नाही. ब्राउन अँड शार्पमधले ऑस्कर बील यांना हा गोंधळ खटकला. ‘जार्नो’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या बील यांनी स्वतःची मालिका सुचवली. तिचा उतार सर्वत्र फुटाला ०.६ इंच. क्रमांकाला आठने भागले की मोठ्या टोकाचा व्यास, दहाने भागले की लहान टोकाचा, दोनने भागले की लांबी. जार्नो १० म्हणजे सव्वा इंच, एक इंच आणि पाच इंच. कोष्टक पाहायची गरजच नाही. काही लेथ आणि ग्राइंडिंग मशीनच्या कारखान्यांनी ती स्वीकारली, पण ड्रिलच्या दुनियेत तिचा निभाव लागला नाही. तोवर हजारो स्पिंडल, स्लीव्ह आणि ड्रिल मोर्सच्या मापाने बनून बसली होती, आणि नव्या ड्रिलला जुन्या स्पिंडलमध्येच बसायचे होते. मापपद्धतींच्या स्पर्धेत देखण्या मापापेक्षा आधी पसरलेले माप जिंकते, हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

लहान ड्रिलना निमुळता शँक घालणे महाग पडे. म्हणून साधारण अर्ध्या इंचापर्यंतची ड्रिल सरळ शँकची राहिली आणि ती धरायला चक लागला. सुरुवातीचे चक दोन-तीन जबड्यांचे, पाना लावून आवळायचे. कनेटिकटमधल्या हार्टफर्डचे आर्थर जेकब्ज यांचा हात असा चक आवळताना सोलवटला आणि त्यातून त्यांना नवी रचना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. १९०२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले, त्यानंतर लवकरच कंपनीही निघाली. या चकच्या अंगात तीन तिरकी भोके असतात आणि त्यांतून तीन जबडे सरकतात. जबड्यांच्या पाठीवरचे आटे एका नटमध्ये गुंततात, नट बाहेरच्या बाहीत घट्ट बसवलेला, आणि बाहीच्या कडेला दाते. दातेरी चावी फिरवली की बाही फिरते, नट फिरतो आणि तिन्ही जबडे एकदम पुढे येऊन जवळ येतात. एका चकमध्ये जवळजवळ शून्यापासून १३ मिमीपर्यंत काहीही धरता येते. हातातल्या ड्रिल मशीनपासून लेथच्या टेलस्टॉकपर्यंत तो सर्वत्र पोहोचला.

नेमकेपणात मात्र हे एक पाऊल मागे होते. स्पिंडलमध्ये आर्बरचा, म्हणजे चक बसवायच्या मधल्या दांड्याचा, मोर्स टेपर, आर्बरच्या दुसऱ्या टोकाच्या आखूड टेपरवर चक, चकमध्ये जबडे आणि जबड्यांत ड्रिल, अशी साखळी तयार झाली. प्रत्येक जोड आपापली थोडी चूक घालतो. साध्या चकचा रनआउट ०.१ मिमीच्या आसपास असला तरी कोणी तक्रार करत नसे. चावी एकाच भोकात न आवळता तिन्ही भोकांत आळीपाळीने आवळावी, ही जुन्या कारागिरांची सवय ही चूक कमी करण्यासाठीच. १९३० च्या दशकात जर्मनीतल्या अल्ब्रेख्त यांच्या बिनचावीच्या चकने हा आकडा बराच खाली आणला. त्यात कापण्याचा पीळच जबडे आवळत जातो, म्हणजे मोर्सची युक्ती वेगळ्या मार्गाने परत आली.

एवढ्या चुका असूनही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारी, शिवणयंत्रे आणि रायफली अदलाबदल होतील अशा भागांनी बनत होत्या. ते शक्य झाले, कारण भोकाची जागा स्पिंडल ठरवतच नव्हता. ती जिग, म्हणजे कामाचा भाग धरणारा साचा, ठरवत होता. जिगमध्ये कठीण पोलादाची नळी, म्हणजे बुश, असते, ड्रिल तिच्यातून खाली उतरते, आणि बुश त्याला जागेवर धरते. ड्रिलच्या लांबीत थोडी लवचीकता असल्यामुळे चक थोडा वाकडा असला तरी बुश ते सांभाळून घेते. किंबहुना अशा कामात मुद्दाम सैल, तरंगता होल्डरही वापरत, म्हणजे स्पिंडलची आणि बुशची मते जुळली नाहीत तरी भांडण होत नसे. धरण्याच्या पद्धतीकडून फक्त फिरवण्याची अपेक्षा होती.

हा आधार काढून घेतला संख्यात्मक नियंत्रणाने. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करणाऱ्या जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवर एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेत काम झाले आणि १९५२ मध्ये असे पहिले मिलिंग मशीन दाखवले गेले. टेबल सांगितलेल्या जागी स्वतः जाऊ लागले तसा जिगचा खर्च वाचला. पण बुश गेली, आणि ड्रिलचे टोक जिथे टेकेल तिथेच भोक पडू लागले. स्पिंडल आणि ड्रिल यांच्यामधल्या चार बोटांच्या जागेतली जी चूक शंभर वर्षे बुशच्या मागे लपली होती, ती उघड्यावर आली.

नव्या यंत्रांना होल्डर मिळाला तो मिलिंगच्या कामातून. मिलिंग कटरवर बाजूने आणि धक्क्यांनी जोर येतो. मोर्सला लागणारा वरचा दाब तिथे नसतो, म्हणून मोर्स टेपर हलून सुटतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मिलिंग मशीन उत्पादकांनी ७/२४ चा तीव्र टेपर ठरवला. फुटाला साडेतीन इंच, अक्षाशी सव्वाआठ अंशांहून थोडा अधिक कोन. हा शंकू स्वतःहून घट्ट बसत नाही, आणि बसू नये हाच त्याचा हेतू. त्याला मागून ड्रॉबार नावाचा दांडा ओढून धरतो आणि स्पिंडलच्या तोंडावरचे दोन ठोकळे, म्हणजे ड्राइव्ह की, त्याला फिरवतात. शंकूकडे उरले फक्त अक्ष जुळवण्याचे काम. मोर्सने एकत्र केलेल्या कामांची अशी तीन भागांत वाटणी झाली. ड्रॉबार सोडला की होल्डर लगेच सुटतो, हातोडी लागत नाही. म्हणून १९५८ मध्ये केअर्नी अँड ट्रेकर कंपनीने वॉलेस ब्रेनर्ड यांच्या आराखड्यावर हत्यारे आपोआप बदलणारे मिलवॉकी-मॅटिक आणले आणि मशीनिंग सेंटरचे युग सुरू झाले, तेव्हा सुटा होणारा टेपरच पुढे चालला. पुढे जपानने बीटी, अमेरिकेने कॅट आणि जर्मनीने डीआयएन अशी आपापली फ्लँज आणि पुल स्टड ठरवली. शंकू तिन्हींचा एकच, तरी एकाचा होल्डर दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही.

होल्डरच्या पुढच्या टोकाला सरळ शँकचे ड्रिल धरण्यासाठी घड्याळजींच्या लेथवरून आलेला कॉलेट कामाला आला. कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली शंकूच्या आकाराची नळी, शंकूत दाबली की सर्व बाजूंनी आवळणारी. स्वित्झर्लंडमधल्या रेगो-फिक्स कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ईआर कॉलेट काढला. एक कॉलेट साधारण १ मिमीचा फरक सामावून घेतो. नटमध्ये बाजूला सरकलेले कडे असते, ते नट सोडताना अडकलेल्या कॉलेटला बाहेर ओढते. कॉलेट आधी नटमध्ये अडकवून मगच होल्डरवर चढवायचा असतो. नेमका हाच क्रम घाईत चुकतो आणि कॉलेटची कड तुटते.

यानंतर दबाव आला ड्रिलच्या धातूकडून. हायस्पीड स्टीलचे ड्रिल थोडे वाकून चूक पचवते. सॉलिड कार्बाइडचे ड्रिल वाकत नाही, तुटते, आणि ते महाग असते. मग मायक्रॉनमध्ये मोजणे सुरू झाले. हायड्रॉलिक होल्डरमध्ये एक स्क्रू तेलावर दाब आणतो आणि पातळ बाही सर्व बाजूंनी सारखी आकुंचते. श्रिंक-फिट होल्डरमध्ये तर हलणारा एकही भाग नाही. भोक शँकपेक्षा काही मायक्रॉन लहान, ते विजेच्या इंडक्शनने काही सेकंदांत तापवून फुगवायचे, थंड शँक आत सोडायचा आणि निवू द्यायचे. रनआउट ३ मायक्रॉनच्या घरात येतो. मात्र त्यात एकच माप बसते आणि शँक बारीक ग्राइंड केलेला लागतो. सगळे काही धरण्याचा जेकब्ज यांचा आग्रह इथे पूर्ण सोडून दिलेला दिसतो. इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांच्या ड्रिलिंगने एकच माप धरण्याची दुसरी बाजू दाखवली. तिथे ड्रिल केसाएवढे बारीक असले तरी शँक ठरलेला, १/८ इंचाचा. कॉलेटला मापे बदलावी लागत नाहीत, म्हणून मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांतही तो सरळ धरतो.

फेऱ्या वाढल्या तेव्हा ७/२४ च्या टेपरचीही मर्यादा कळली. वेगामुळे स्पिंडलचे तोंड किंचित फाकते, भरीव शंकू तितका फाकत नाही, आणि ड्रॉबारची स्प्रिंग त्याला आणखी आत ओढते. ड्रिलची लांबी बदलते, आणि यंत्र थांबल्यावर होल्डर अडकून बसतो. जर्मनीत आखन येथील संशोधनातून आणि उद्योगांच्या सहकार्यातून १९९० च्या दशकात एचएसके ही रचना पुढे आली. तिचा शंकू आखूड, पोकळ आणि १:१० उताराचा. पकडणारे जबडे आतून बाहेर ढकलतात, त्यामुळे वेग वाढला तशी पकड वाढते. शिवाय होल्डरची फ्लँज स्पिंडलच्या तोंडाला टेकते, म्हणून तो आत सरकूच शकत नाही. अक्ष शंकू जुळवतो, लांबी तोंड ठरवते.

भारतात ट्विस्ट ड्रिल बनवण्याची सुरुवात झाली त्यात मुंबईच्या इंडियन टूल मॅन्युफॅक्चरर्सचे नाव ठळक आहे. ही कंपनी १९३७ मध्ये निघाली. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, पण होल्डरच्या मापांना तो शिवला नाही. मोर्स क्रमांक २ चे मोठे टोक आयटीआयच्या कोष्टकात १७.७८० मिमी असते, म्हणजे ०.७०० इंच. बीटी-४० चे मोठे टोक ४४.४५ मिमी, म्हणजे पावणेदोन इंच. भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या छोट्या कारखान्यांत सर्रास दिसणारे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर बीटी-४० चेच असते. त्याच्या हत्यारांच्या कप्प्यात ईआर कॉलेटचे होल्डर असतात, महागड्या कार्बाइड ड्रिलसाठी एखादा हायड्रॉलिक असतो, आणि २५-३० मिमीच्या जाड हायस्पीड ड्रिलसाठी बीटी-४० ते मोर्स क्रमांक ३ चा अॅडॉप्टर असतो. त्याच्या अंगात टँगसाठी आडवी खाच पाडलेली असते, आणि ड्रिल काढायला ड्रिफ्ट आणि हातोडी लागते.